कारणे देण्याचे बंधन : विमा नियामकाच्या अधिकारांविषयी

हैदराबादच्या सुलतान बाजाराला १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणत. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीला लागून असलेला हा भाग निजामाच्या शहरात असूनही निजामाच्या अमलाखाली नव्हता. इथला हुकूम रेसिडेंटचा चाले, आणि म्हणूनच सावकार, सराफ, व्यापारी इथे येऊन स्थिरावले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच रेसिडेन्सीच्या आश्रयाने विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी राहिली. युरोपीय माणसांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती. १८१६ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने या पेढीला त्यातून सूट दिली, आणि पेढीने निजाम सरकारला जबर व्याजाने लाखो रुपये दिले. ज्या रेसिडेंटने तिच्यावर नजर ठेवायची त्या हेन्री रसेल यांचेच हितसंबंध तिच्यात गुंतले होते. पेढीचे भागीदार सर विल्यम रंबोल्ड यांची पत्नी गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेली होती. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आले, त्यांनी हिशेब मागायला सुरुवात केली, आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. या प्रकरणात सत्तेची उणीव कुठेच नव्हती. सूट देणाऱ्यांना अधिकार होता, देखरेख करणाऱ्यांना अधिकार होता, पुढे चौकशी करणाऱ्यालाही होता. सूट का दिली आणि इतकी वर्षे डोळेझाक का झाली, हे मात्र उघडपणे सांगण्याची सक्ती कोणावरही नव्हती. नियामकाकडे अधिकार किती आहेत हा प्रश्न दुय्यम, तो वापरलेल्या आणि न वापरलेल्या अधिकाराची कारणे द्यायला बांधलेला आहे का हा प्रश्न मुख्य, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पटवून देणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

देशाच्या विमा व्यवसायावर देखरेख करणारी संस्था आज याच शहरात आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण १९९९ च्या कायद्याने जन्मले, एप्रिल २००० मध्ये वैधानिक संस्था म्हणून उभे राहिले आणि २००१ मध्ये दिल्लीहून हैदराबादला आले. बरीच वर्षे त्याचे कार्यालय बशीरबागेतल्या परिश्रम भवनात होते, म्हणजे सुलतान बाजारापासून जवळच. आता ते नानकरामगुड्याच्या वित्तीय जिल्ह्यात आहे. अमेरिकेत विम्याचे नियमन प्रत्येक राज्य आपापले करते. न्यू हॅम्पशायरने १८५१ मध्येच त्यासाठी आयुक्त नेमले, आणि १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने राज्यांचा तो अधिकार पक्का केला. आपल्याकडे विमा हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे, त्यामुळे तेलंगणाचा काय किंवा महाराष्ट्राचा काय, वेगळा विमा नियामक नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या, गोव्याच्या मच्छीमाराच्या आणि सुलतान बाजारातल्या कापड दुकानदाराच्या पॉलिसीमागे एकच प्राधिकरण उभे आहे. एवढे असूनही मराठी घरांत त्याची ओळख जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांतल्या नोंदणी क्रमांकापलीकडे जात नाही.

त्याच्या हाती काय काय आहे ते आधी पाहू. १९३८ चा विमा कायदा आणि १९९९ चा प्राधिकरण कायदा हे दोन मिळून त्याचे अधिकार ठरतात. १९९९ च्या कायद्याचे चौदावे कलम विमा व्यवसायाचे नियमन, संवर्धन आणि सुव्यवस्थित वाढ ही कामे त्याच्यावर सोपवते. कंपनीला नोंदणी देणे, ती स्थगित वा रद्द करणे, एजंट, दलाल आणि सर्व्हेअर यांची पात्रता व आचारसंहिता ठरवणे, विमेदारांचा पैसा कुठे गुंतवायचा याची चौकट आखणे, कंपनीचे दप्तर तपासणे, ही त्यातली काही. १९३८ च्या कायद्याचे तेहेतिसावे कलम चौकशीचा अधिकार देते आणि चौतिसावे कंपनीला थेट निर्देश देण्याचा. मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक प्राधिकरणाच्या पूर्वसंमतीशिवाय होत नाही. विमेदारांच्या हिताला बाधक वागणाऱ्या संचालकाला किंवा अधिकाऱ्याला ते पदावरून दूर करू शकते. आणि शेवटी, जीवन विमा कंपनीचा कारभार विमेदारांना घातक ठरतो आहे असे वाटले, तर कलम ५२अ खाली तिच्यावर प्रशासक नेमता येतो. पूर्वी विमा नियंत्रकाने अहवाल द्यायचा आणि नेमणूक केंद्र सरकारने करायची अशी रीत होती; आता हा अधिकार थेट प्राधिकरणाकडे आहे. खासगी मालकीच्या कंपनीचा कारभार एका आदेशाने मालकाच्या हातून काढून घेता येतो, याहून मोठी प्रशासकीय सत्ता शोधावी लागेल.

एवढी सत्ता हवीच कशाला, असा पहिला आक्षेप. बाजारात स्पर्धा आहे, वाईट कंपनीकडे लोक जाणार नाहीत, ती आपोआप मागे पडेल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कापडाच्या बाबतीत ते खरे आहे. गिऱ्हाईक कापड हातात घेते, उजेडात धरते, भाव करते, पटले नाही तर शेजारच्या दुकानात जाते. विमा विकत घेणारा पैसे आज देतो आणि माल वीस वर्षांनी, किंवा अपघात झाला तर, किंवा मेल्यावर वारसांच्या हाती येतो. तो कधीच न येण्याचीही शक्यता असते, आणि ती विमेदाराला हवीच असते. कायदाही असाच आहे: कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता हाती येईपर्यंत कंपनीवर जोखीमच येत नाही. उत्पादन सदोष आहे हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी ते बदलून घेण्याची वेळ गेलेली असते. स्पर्धा इथे उलटाही परिणाम करते. सर्वांत कमी हप्ता सांगणारी कंपनी सर्वांत जास्त पॉलिसी विकते, आणि कमी हप्ता म्हणजे पुढे दावे भागवण्यासाठी कमी गंगाजळी.

हे इतिहासात घडून गेले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, स्वदेशीच्या उत्साहात, देशभर विमा कंपन्या निघाल्या. त्यांतल्या काही उत्तम होत्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये काढलेली वेस्टर्न इंडिया लाइफ ही जिल्ह्याच्या गावातूनही विमा सचोटीने चालवता येतो याचे उदाहरण होती. पण तिच्याच काळात कितीतरी कंपन्या हप्ते गोळा करून बुडाल्या. १९१२ च्या आणि नंतर १९३८ च्या कायद्याने त्यांना वेसण घालण्याचा प्रयत्न केला, १९५० च्या दुरुस्तीने नियंत्रकाचे हात आणखी बळकट केले. तरीही जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी जीवन विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय देशाला सांगितला, तेव्हा आधीच्या दहा वर्षांचा हिशेब असा होता: २५ जीवन विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि आणखी २५ कंपन्यांनी आपली पुंजी अशी उधळली की त्यांचा व्यवसाय विमेदारांच्या नुकसानीत दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत भारत इन्शुरन्स कंपनीचा पैसा दालमिया उद्योगसमूहाकडे कसा वळला याचा पाढा वाचला, तो याच चित्राचा एक भाग. या साऱ्या काळात कायदा होता, नियंत्रक होता, कलमे होती. विमेदाराला कंपनी बुडाल्यावर कळे.

सरकारनेच विमा चालवला की देखरेखीची गरज उरणार नाही, ही त्या वेळची दुसरी समजूत. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. २४५ कंपन्या आणि संस्थांचा कारभार त्यात विलीन झाला. वर्ष उलटते न उलटते तोच महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतल्याचे प्रकरण संसदेत गाजले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५८ मध्ये त्याची चौकशी उघड्यावर केली, लोक गर्दी करून ऐकायला आले, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती छागलांची पद्धत. व्यवहार कोणी ठरवला, कोणत्या कागदावर, कोणाच्या सल्ल्याने, गुंतवणूक समितीला का विचारले नाही, हे प्रश्न त्यांनी सर्वांसमक्ष विचारले. मालकी खासगी होती तेव्हा आणि सरकारी झाली तेव्हाही विमेदाराच्या पैशाचे रक्षण एकाच गोष्टीने झाले असते: निर्णय घेणाऱ्याला त्याची कारणे लिहून ठेवावी लागली असती तर.

आता नियामकाच्या अधिकारांकडे बारकाईने पाहताना एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे, आणि वर्तमानपत्रे तो नेहमी विसरतात. बातमी होते ती दंडाची. अमुक कंपनीला एक कोटीचा दंड, असे ठळक अक्षरांत छापून येते. पण १९३८ च्या कायद्याच्या एकशे दोनाव्या कलमातला दंड रोजचा एक लाख आणि कमाल एक कोटी इतकाच होता. हजारो कोटींचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला तो खर्चाच्या वहीतली एक ओळ वाटावा एवढाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीने ही कमाल मर्यादा दहा कोटींवर नेली आणि गैरमार्गाने मिळवलेला नफा कंपनीकडून वसूल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला. हे दुसरे कलम पहिल्याहून महत्त्वाचे आहे, कारण दंड कितीही मोठा असला तरी फसवणुकीतून आलेला फायदा त्याहून मोठा असेल तर फसवणूक परवडते. तरीही दंड आणि वसुली ही दोन्ही नुकसान झाल्यानंतरची शस्त्रे. विमेदाराला खरे तारतात ते आधी वापरायचे अधिकार: शंभर कोटींच्या किमान भांडवलाशिवाय कंपनीला नोंदणी न देणे, देण्यांच्या तुलनेत मालमत्तेचे प्रमाण, ज्याला या व्यवसायात सॉल्व्हन्सी म्हणतात, किमान दीडपट राखायला लावणे, जीवन विम्याच्या निधीपैकी निम्मा तरी सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवायला लावणे, आणि पॉलिसीतली कलमे काय असावीत हे ठरवणे.

यातला शेवटचा अधिकार सुलतान बाजारासारख्या ठिकाणी कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. अरुंद गल्ली, एकाला एक लागून कापडाची आणि साड्यांची दुकाने, माळ्यावर कोंबलेला माल. आगीचा विमा इथे खरी गरज आहे, आणि त्यातला जुना सापळा म्हणजे कमी रकमेचा विमा. माल दहा लाखांचा, विमा नऊ लाखांचा. आग लागून पाच लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे विमा मुळातच एक-दशांश कमी होता, म्हणून भरपाईही तेवढी कमी. सणासुदीला भरलेल्या मालाची किंमत रोज बदलते. दुकानदाराने ती नेमकी कशी सांगावी? प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरीव पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना सक्तीची केली, पाच ते पन्नास कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा आणि घरांसाठी भारत गृह रक्षा. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे. हा निर्णय कोणत्याही दंडाच्या बातमीपेक्षा अधिक दुकानदारांच्या उपयोगी पडणारा आहे, आणि तो कोणाला शिक्षा न करता झाला. माझ्या मते प्रशासकीय अधिकाराचा हा सर्वांत चांगला वापर. ज्याला कलमे वाचायला वेळ नाही, वाचली तरी कळत नाहीत, त्याच्या वतीने कोणीतरी जाणकाराने ती आधीच वाचून सरळ करून ठेवणे.

नियामक काय करू शकत नाही, हेही इथेच सांगून टाकतो, कारण बहुतेक गैरसमज त्यातून होतात. माझा दावा नाकारला, तर हैदराबादला लिहिले की पैसे मिळतील, असे लोकांना वाटते. प्राधिकरण तक्रार नोंदवून घेते, कंपनीकडे पाठवते, उत्तराची मुदत पाहते. दावा मंजूर करण्याचा निवाडा ते देत नाही. त्यासाठी १९९८ च्या नियमांनी विमा लोकपाल आले, २०१७ च्या नियमांनी त्यांची रचना बदलली आणि आता पन्नास लाखांपर्यंतच्या तंट्यात ते निवाडा देऊ शकतात. त्याखेरीज ग्राहक आयोग आणि न्यायालये आहेतच. ही विभागणी योग्य आहे. एकाच संस्थेने नियम करायचे आणि त्याच नियमांखाली लाखो व्यक्तिगत दाव्यांचे निवाडेही द्यायचे, असे झाले तर दोन्ही कामे बिघडतील. पण मग व्यक्तिगत तक्रारींतून दिसणारी कंपनीची खोड ओळखून तिच्यावर सामूहिक इलाज करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य अधिकच मोठे होते.

सर्वांत कठोर अधिकाराची परीक्षा सहारा इंडिया लाइफच्या प्रकरणात झाली, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथेच आहे. जून २०१७ मध्ये प्राधिकरणाने कलम ५२अ खाली या कंपनीवर प्रशासक नेमला. जुलैअखेर, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, कंपनीचा विमा व्यवसाय आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफकडे सोपवण्याचा आदेश निघाला. कंपनी मुंबईच्या प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाकडे गेली. २०१५ च्या दुरुस्तीपासून विमा प्राधिकरणाच्या आदेशांवरची अपिलेही याच न्यायाधिकरणापुढे चालतात. जानेवारी २०१८ मध्ये त्याने हस्तांतरणाचा तो आदेश रद्द केला आणि नव्याने विचार करायला सांगितले. मग पाच वर्षे गेली. २ जून २०२३ रोजी प्राधिकरणाने नवा आदेश काढून सुमारे दोन लाख पॉलिसींची जबाबदारी एसबीआय लाइफकडे दिली, आणि त्याच महिन्यात न्यायाधिकरणाने त्यालाही स्थगिती दिली. ज्या विमेदारांच्या हितासाठी सारा खटाटोप, त्यांची पॉलिसी कोणत्या कंपनीची हे इतकी वर्षे डळमळीत राहिले. प्राधिकरणाची शंका खोटी होती असे मी म्हणत नाही. प्रवर्तकांच्या समूहाची सेबी या शेअर बाजाराच्या नियामकापुढची आणि सर्वोच्च न्यायालयातली स्थिती पाहता काळजी रास्तच होती. पण रास्त काळजीवरही घाईने काढलेला आदेश अपिलात टिकत नाही, आणि न टिकलेला आदेश विमेदाराला मुळीच न काढलेल्या आदेशापेक्षा अधिक अनिश्चिततेत ढकलतो.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो. आग लागलेल्या घरात सुनावणी घेत बसायची का? कंपनीचा पैसा रोज बाहेर जात असेल, तर नोटीस, उत्तर, सुनावणी, सकारण आदेश या वाटेने जाईपर्यंत उरणार काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण कायद्यातच त्याची सोय आहे. चौतिसाव्या कलमाखाली प्राधिकरण तातडीने निर्देश देऊ शकते: नव्या पॉलिसी विकू नका, अमुक मालमत्ता हलवू नका. सहाराच्या बाबतीत नवा व्यवसाय थांबवण्याचा निर्देश दिला गेलाही होता. असा निर्देश परतवता येण्याजोगा असतो. उद्या चुकीचा ठरला तर उठवता येतो. व्यवसायच दुसऱ्या कंपनीला देऊन टाकणे तसे परतवता येत नाही. तातडी जितकी खरी, तितके पाऊल परतवता येण्याजोगे असावे, आणि पाऊल जितके कायमचे, तितकी कारणे आणि सुनावणी भरभक्कम असावी, हा हिशेब ठेवला तर वेग आणि न्याय यांत भांडण उरत नाही. सहाराच्या प्रकरणात गेलेली वर्षे सुनावणी घेतल्यामुळे गेली नाहीत.

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा. नियम करणारी, तपासणारी आणि शिक्षा देणारी संस्था एकच, हे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाला धरून नाही. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे, पण सेबीसारख्या अनेक आधुनिक नियामकांची बांधणी कमीअधिक अशीच आहे, कारण व्यवसाय बदलतो त्या वेगाने संसद कायदे करू शकत नाही. म्हणून बंधने घालायची ती बाहेरून. प्राधिकरणाचे विनियम राजपत्रात छापून संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, विमा सल्लागार समितीशी विचारविनिमय करावा लागतो, आदेशावर अपील करता येते, तिथून पुढे सर्वोच्च न्यायालयात जाता येते. प्राधिकरण आपले दंडाचे आदेश बहुधा कारणांसह प्रसिद्धही करते, हे त्याच्या श्रेयाचे आहे. माझी चिंता वेगळीकडे आहे. २०२४ मध्ये प्राधिकरणाने तिसाहून अधिक विनियम मोडीत काढून तत्त्वे सांगणारे मोजकेच नवे विनियम केले आणि तपशील परिपत्रकांत नेला. रुग्णाला कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत मिळावी, हा मे २०२४ चा नियम परिपत्रकातला आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी प्राधिकरणाशी बोला, हा जानेवारी २०२५ चा निर्देशही तसाच. दोन्ही निर्णय चांगले आहेत, लोकांना त्यांचा उपयोग आहे. पण परिपत्रक संसदेपुढे जात नाही, ते काढण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याची तशी सक्ती नाही, आणि ज्या सहजतेने ते निघते त्याच सहजतेने मागेही घेता येते. परिपत्रकाने मिळालेला हक्क परिपत्रकाने जाऊ शकतो. त्यामुळे परिपत्रकासोबत कारणांचे टिपण जोडणे, कोणता अभ्यास केला, कोणाला विचारले, कोणाचे म्हणणे का मानले नाही, हे छापणे, विनियमापेक्षाही इथे अधिक आवश्यक आहे.

उघड वादातून नियम सुधारतात याला दाखला आहे. ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने चौदा विमा कंपन्यांना आपल्या नोंदणीशिवाय युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसी, विकण्यास मनाई केली. दुसऱ्याच दिवशी विमा प्राधिकरणाने त्याच कंपन्यांना तो आदेश न जुमानता विक्री चालू ठेवायला सांगितले. दोन सरकारी नियामक एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. जूनमध्ये अध्यादेश काढून सरकारने युलिप विम्याच्या पारड्यात टाकले. अधिकारक्षेत्राचा वाद अशा रीतीने वरून मिटवला गेला. पण त्या दोन महिन्यांच्या जाहीर भांडणात युलिपच्या हप्त्यातून पहिल्या वर्षी किती कमिशन आणि किती खर्च कापला जातो हे घरोघरी कळले होते, आणि १ सप्टेंबर २०१० पासून विमा प्राधिकरणालाच खर्चावर मर्यादा आणि पाच वर्षांचे बंधन आणावे लागले. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्या पक्षाची टीका मान्य केली, कारण ती सर्वांनी वाचली होती.

न वापरलेल्या अधिकाराचे काय? आदेश काढला तर अपील करता येते. आदेशच निघाला नाही तर कोणाकडे जायचे? नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी सामान्य विमा कंपन्या सॉल्व्हन्सीच्या दीडपट मर्यादेखाली वर्षानुवर्षे आहेत, आणि प्राधिकरणाने त्यांना सवलत देत आणली आहे. २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत सरकारने त्यांत १७,४५० कोटी रुपये ओतले, तरी प्रश्न सुटला नाही. सरकार पाठीशी आहे म्हणून त्यांच्या विमेदाराला धोका कमी, हा युक्तिवाद पोकळ नाही. मी स्वतः तो बऱ्याच अंशी मानतो. पण तो युक्तिवाद प्राधिकरणाने स्वतःच्या सहीने, आकड्यांसह, दर वर्षी मांडला पाहिजे: सवलत किती काळ, कोणत्या अटीवर, अट मोडली तर पुढे काय. खासगी कंपनीला एक माप आणि सरकारी कंपनीला दुसरे हे काही वेळा समर्थनीय असू शकते, पण ते समर्थन लिहिलेले हवे.

सरकारशी असलेल्या या नात्यातच प्राधिकरणाचे सर्वांत दुबळे अंग आहे. १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकार धोरणात्मक बाबींत त्याला बांधील निर्देश देऊ शकते, एखादी बाब धोरणाची आहे की नाही हेही सरकारच ठरवते, आणि टोकाला प्राधिकरण बरखास्तही करू शकते. हे अधिकार सरकारला फारसे वापरावे लागत नाहीत, कारण त्याच्या हाती एक साधा अधिकार आहे: नेमणूक न करण्याचा. प्राधिकरणाचे अध्यक्ष सुभाष खुंटिया मे २०२१ मध्ये निवृत्त झाले, देबाशिष पांडा मार्च २०२२ मध्ये आले. पांडांची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली, अजय सेठ यांची नेमणूक जुलैत झाली. यातल्या पहिल्या खेपेला कोविडची दुसरी लाट, आरोग्य विम्याच्या दाव्यांचा पूर, आणि देशाच्या विमा नियामकाला दहा महिने अध्यक्ष नाही. निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी माहीत असते. अध्यक्ष नसलेल्या काळातही कचेरी चालते, फायली हलतात. पण कंपनीचा कारभार काढून घेण्यासारखा निर्णय प्रभारी हातांनी होत नाही, आणि कंपन्यांनाही ते ठाऊक असते. पद रिकामे ठेवण्याची कारणे सरकारने संसदेला द्यावीत एवढी साधी तरतूद कायद्यात आली, तरी बराच फरक पडेल.

पुढील पानांत वाचकाला कलमांचा तपशील, आदेशांचे उतारे आणि तक्रारीच्या वाटा सापडतील. मराठीत हे सांगण्याला कारण आहे. विवेकवर्धिनीसारख्या संस्था आणि मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्या सुलतान बाजार परिसरातल्या मराठी कुटुंबांचा व्यवहार तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा चार भाषांत चालतो, पॉलिसी मात्र इंग्रजीत येते. जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक द्यावे लागते. काय मिळेल, काय मिळणार नाही, कोणत्या आजाराला किती थांबावे लागेल, तक्रार कुठे करायची, हे त्यात थोडक्यात असते, आणि विमेदाराने मागितले तर ते स्थानिक भाषेत देण्याचे बंधन कंपनीवर आहे. हे बंधन फार थोड्यांना ठाऊक आहे. पॉलिसी हाती पडल्यापासून ती परत करण्यासाठी आता तीस दिवस मिळतात. तेवढ्या अवधीत हे पत्रक आपल्या भाषेत मागून घ्यावे, आणि कंपनीने दिले नाही तर ती तक्रार प्राधिकरणाच्या बिमा भरोसा संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवावी. प्राधिकरणाचे आदेश आणि परिपत्रके मात्र मराठीत मिळत नाहीत. ती मिळावीत, निदान विमेदाराच्या हक्कांना हात लावणारी तरी, अशी मागणी मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद, पणजी इथल्या ग्राहक संघटनांनी एकत्र येऊन अध्यक्षांकडे लेखी करावी. नकार आला, तर त्याची कारणेही लेखी मागावीत.